दिगूमामांचं झाकण

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं आहे की किराण्याची चिठ्ठी दिली तर दुकानदार पोह्यांच्या जागी मोहरी बांधून देतो. तेव्हा हे कुणाच्या हाती पडलंच, तर चुका पोटात घाला. चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून मी लिहिते. हे जे आहे ते तर एकट्यातही बोलता येण्यासारखं नाही.

दिगूमामा कॅलेंडर पाण्यातून वाचतात.

आमच्या गावाचं सगळं सांडपाणी, मोरीचं, न्हाणीचं, संडासाचं, नदीकाठच्या प्लांटवर येतं. तिथं ते आधी जाळीतून जातं, मग मोठ्या हौदात मशीननं हवा सोडून घुसळलं जातं, गाळ खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी नदीत सोडतात. मामा तिथले ऑपरेटर. मी झाडलोट करते, जाळी साफ करते आणि कुंपणाकडच्या झाडांना पाणी घालते. रोज सकाळी मामा बाहेर पडणारं पाणी काचेच्या बरणीत घेतात, बरणी भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं धरतात आणि एक डोळा मिटून आरपार बघतात. नुसतं महिन्याचं नाव दिसलं तर पाणी वाईट. तारीख दिसली तर बरं. तारखेखालची बारीक अक्षरातली तिथी दिसली की मामांची स्वारी खूष.

"सुमन, इकडं ये! आज एकादशी दिसून राह्यली बघ!"

एकदा मी भीत भीत म्हटलं, "मामा, हा मागचा महिना हाय. पान उलटायचं राह्यलंय."

"पाण्याला कुठं ठावं हाय ते? दिसून राह्यली का न्हाई, तेवढं सांग."

तपासणीच्या खऱ्या नळ्या आणि औषधं कपाटात आहेत. तेही मामा नेमानं करतात. पण कॅलेंडर आधी.

एवढी फिकीर कशाला, तर आमच्या भिंतीला लागूनच घाट आहे. गावातले सगळे दहावे तिथं होतात. उन्हाळ्यात आमच्या नदीला स्वतःचं म्हणून पाणी नसतं. घाटापुढून जे वाहतं ते आमच्या प्लांटचंच. गावाला हे ठाऊक आहे, पण त्या पाण्यात हात जोडून उभं राहताना कुणी बोलत नाही.

"मेलेल्या माणसाचं शेवटचं पाणी हाय ते, माय," मामा म्हणतात. "तिथं घाण पाठवून कसं जमंल?"

कधी वीज जाते, मशीन बंद पडतं, पाणी गढूळ निघतं. मग मामा स्टुलावर चढून भिंतीवरून डोकं काढतात आणि दहाव्याला जमलेल्या लोकांना ओरडून सांगतात, "मंडळी, आज नुसता महिनाच हाय! डुबकी मारू नका. पाय भिजवा अन् निघा!"

एका म्हाताऱ्यानं खालून विचारलं, "कोणता महिना?"

"वैशाख!"

"मग बराबर हाय," म्हातारा म्हणाला आणि त्यानं डुबकी मारली.

आमचा प्लांट भर दुपारीही अंगावर येतो. गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी सुटतं. त्या दिवशी आमच्याकडं लोंढा येतो. बाकीच्या दिवशी मोठा पाइप जवळजवळ कोरडा पडतो आणि त्याच्या तोंडातून गावाचा आवाज येतो. कुठं भांडं पडल्याचा, कुठं कुणी खाकरल्याचा, कधी लेकरू हसल्यासारखा. मी नवीन होते तेव्हा पळत बाहेर आले होते. मामा पाइपाशी कान लावून उभे होते.

"भिऊ नको. गाव बोलून राह्यलंय. आपल्याला थोडंच बोलून राह्यलंय?"

जाळीत काय काय अडकतं. बांगडीचे तुकडे, बाहुलीचा हात, कुणाच्या लग्नाच्या अक्षता. एकदा दातांची अख्खी कवळी आली. मामांनी ती धुऊन खिडकीत ठेवली, मालक विचारत येईल म्हणून. मालक काही आला नाही. कवळी अजून खिडकीत हसते. माझी पाठ तिच्याकडं असली की मला लवकर लवकर झाडावंसं वाटतं.

आणि कावळे. जाळीत भात अडकतो, पोळीचे तुकडे अडकतात. ते दाताळ्यानं ओढून आम्ही एका पिंपात टाकतो. पिंपाला पत्र्याचं झाकण आहे. झाकण उघडं राहिलं की सगळे कावळे तिथं. मामांनी त्यांना हुद्दे दिलेत. सगळ्यांत थोराड कावळा तो तहसीलदार. तो उठल्याशिवाय बाकीचे उठत नाहीत. एक बारका आधी येऊन चौकशी करून जातो, तो तलाठी.

आता ज्यांचं पोट इथं भरतं ते कावळे भिंतीपलीकडं पिंडाला कशाला शिवतील? दहाव्याची माणसं उन्हात ताटकळत बसायची. मेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते आठवून आठवून वचनं द्यायची. कावळे आमच्या पिंपावर. शेवटी कुणीतरी मामांना येऊन विचारलं, आणि मामांनी झाकण लावलं. कावळे लगेच घाटावर गेले. तेव्हापासून गावात ही गोष्ट पसरली, की पिंडाला कावळा शिवत नसेल तर प्लांटवरच्या मामांना गाठा. झाकणाचं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांना वाटायचं, मामांना मेलेल्या माणसाचं मन कळतं.

मामांनी लोकांचा गैरसमज तसाच ठेवला. एवढंच नाही, त्याचा धंदाच मांडला. पैशांचा नव्हे, नाल्यांचा.

पहिला धंदा माझ्या डोळ्यांदेखत झाला. गावात एकांचा म्हशींचा गोठा आहे. त्यांची आई वारली. पिंड ठेवून बराच वेळ झाला, पोरं रडकुंडीला आली. मामा भिंतीवरून डोकं काढून म्हणाले, "म्हातारीच्या मनात काहीतरी अडकून ऱ्हायलंय."

"काय असंल, मामा? तुमीच सांगा."

"मला काय ठावं? पण नदीवर तिचा जीव दिसतो. गोठ्याचं शेण धुऊन नालीत सोडता का तुमी?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. "सोडतो."

"मंग!"

पोरांनी हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "माय, आजपासून शेण नालीत सोडणार न्हाई. खड्डा करतो. शप्पथ." मामांनी मागं हात करून मला खूण केली. मी झाकण लावलं. तहसीलदार उठला, पिंडाला चोच लागली, पोरं ढसाढसा रडली. ती म्हातारी रेणापूरची. औषधपाण्यासाठी लेकाकडं आलेली. तिनं आमची नदी कधी डोळ्यांनीही पाहिली नव्हती.

मग भजेवाल्याच्या बापाला जळकं तेल नालीत ओतलेलं खपेना. एका आजोबांचा जीव निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्यांत अडकला. एका तरण्याताठ्या शिक्षकाचा म्हणे मोटारसायकली धुण्याच्या दुकानात. वचनं दिली की कावळा शिवायचा. बघता बघता जाळीत अडकणारी घाण कमी झाली. आमच्या गावाची नदी मेलेल्या माणसांनी साफ ठेवली, असं म्हटलं तरी चालेल.

"मामा, हे पाप न्हाई का?" मी एकदा विचारलं.

"पाप कामून? पोटाचं काम हाय सगळं. कावळ्याला मन कळत न्हाई, सुमन. भात कळतो. झाकण उघडं, कावळा इकडं. झाकण बंद, कावळा तिकडं. दुसरं काही न्हाई. काही न्हाई!"

एवढ्या मोठ्यानं सांगायची गरज नव्हती. मी तर शेजारीच उभी होते.

त्याचं कारण मला पुढं कळलं. झाडाखाली डबा खाता खाता मामांनी स्वतःच सांगितलं. त्यांची बायको प्लांट व्हायच्या आधी वारली. दहावा इथंच, याच घाटावर. कावळा शिवेना. मामा सकाळपासून उभे होते. जे आठवेल ते बोलत होते. चिडणार नाही, हॉटेलात बसणार नाही, तिच्या भावाशी बोलणं सोडलंय ते सुरू करीन. कावळा आला नाही. ऊन डोक्यावर आल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला. लोक म्हणाले, बाईच्या मनात काहीतरी राहून गेलं.

"काय ऱ्हायलं आसंल, हेच मी किती वर्सं धुंडाळत व्हतो," मामा म्हणाले. "भाकरी मोडली की वाटायचं, हे तर नसंल? झोप न्हाई, काही न्हाई. मग ही नोकरी लागली. पयल्याच हप्त्यात बघितलं, तिकडं पिंड ठिवलेला अन् कावळे इकडं जाळीवर. तवा डोक्यात उजेड पडला. त्या दिशी वरच्या अंगाला कुणीतरी लग्नाचं शिळं अन्न नाल्यात टाकलं असंल. कावळे तिकडं व्हते. तिच्या मनात काही नव्हतं. त्या दिवशी मी बिनघोर झोपलो बघ."

तेव्हा मला कळलं, मामा झाकण लावून कावळा जाताना एवढं टक लावून का बघतात. दर दहाव्याला त्यांना ते पुन्हा एकदा बघायचं असतं.

मग माझ्या सासूबाई गेल्या.

माझे मालक आधीच गेलेले. मी आणि सासूबाई दोन खोल्यांत राहत होतो. धाकटे दीर लातूरला असतात, त्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण त्यांनी घराला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. सासूबाईंना अग्नी देऊन आल्यावर ते मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता एकट्या इथं राहून काय करणार? कंधारला जा भावाकडं." कंधारला माझा भाऊ आहे, पण मागं एकदा गेले होते तेव्हा भावजयीनं मला पाण्याचा तांब्या हातात देऊन विचारलं होतं, परतीची गाडी कितीला आहे. मला जायला दुसरी जागा नव्हती. तरी मी काही बोलले नाही. मला बोलता येतच नाही. एकदा फक्त मामा घरी भेटायला आले तेव्हा रडू आलं, त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मामा नुसते "हं" म्हणाले.

दहाव्याला मी घाटावर बायकांत मागं बसले होते. भाऊजींनी डोकं तासलेलं, समोर पिंड. कावळे भिंतीवर ओळीनं बसलेले. कुणी येईना.

भाऊजी म्हणाले, "आई, तुझ्या अस्थी काशीला नेतो." कावळे बसून. "गावजेवण घालतो." बसून. "तुझ्या नावानं देवळात घंटा देतो." कुणी हललं नाही.

मला वाटलं, मामा नाल्यासाठी अडून बसलेत. मी पदर तोंडाला लावून गुरुजींपाशी गेले आणि पुटपुटले, "भाऊजींला म्हणा, नालीचं बोला."

"कशाचं?"

"नालीचं. नालीत काही टाकणार न्हाई म्हणा."

भाऊजी बिचारे हात जोडून म्हणाले, "आई, नालीत काही टाकणार नाही." मागं कुणाला तरी हसू फुटलं. कावळे तसेच.

आणि मग माझ्या लक्षात आलं. एरवी कावळे घाटावर येत नाहीत तेव्हा ते कामात असतात. पिंपावर जातात, चोचीत काहीतरी घेऊन भिंतीवर येतात, भांडतात. त्या दिवशी एकाचीही चोच हलत नव्हती. तलाठीसुद्धा चौकशीला आला नव्हता. सगळ्यांची तोंडं आमच्याकडं. पलीकडून हवेच्या मशीनचाही आवाज नव्हता. इतकं शांत, की भिंतीआडून पाइपातला आवाज ऐकू येत होता, एखादी म्हातारी बाई तोंडात पदर धरून बोलतेय तसा. पिंपळाचं पान हलत नव्हतं. माझ्या दंडावर काटा आला.

गुरुजींनी दर्भ हातात घेतला आणि त्याचा कावळा वळायला लागले. भाऊजींनी मान वळवली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मोठ्यानं नाही, अगदी हळू, पिंडाकडं तोंड करून ते म्हणाले, "आई, घर विकत नाही. वहिनी राहतील तिथं. त्यांच्या शेवटापर्यंत."

शब्द संपायच्या आत सगळी ओळ भिंतीवरून उठली आणि पिंडावर उतरली.

एवढं दिसूनही मला वाटलं, हे मामांच्या झाकणाचंच काम. मी भिंतीकडं बघून हात जोडले. मनात म्हटलं, मामा, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

तेराव्यानंतर मी कामावर गेले तेव्हा मामांसाठी धपाटे आणि दही घेऊन गेले. मामा झाडाखाली बसले होते. त्यांनी पहिला घास घेतला आणि मी म्हटलं, "मामा, तुमी झाकण बराबर टायमाला लावलं. न्हाई तर मी आज कंधारच्या गाडीत असते."

"कोणतं झाकण?"

"दहाव्याचं."

"दहाव्याला मी कुठं व्हतो? पाण्याच्या बाटल्या घेऊन नांदेडला गेलो व्हतो, तपासणीला. तुला सांगायचं ऱ्हायलं." मामा हसले. "पण आदल्या दिशी सांजंला झाकण पक्कं लावून, फाटकाला कुलूप घालून गेलो. म्हटलं, बाकीच्यांना अडवतो ते ठीक हाय. आपल्या सुमनच्या सासूला कामून खोळंबा? तिला पयल्या झटक्याला शिवू दे. शिवला ना?"

मला तिथंच थांबायला हवं होतं. पण मला माणसाचं तोंड वाचता येत नाही, मी आपली सांगत सुटले. कावळे कसे बसून राहिले, काशी झाली, घंटा झाली, नाली झाली, तरी कसे हलले नाहीत, आणि घराचा शब्द निघाल्याबरोबर कसे उठले.

मामांच्या हातातला धपाट्याचा तुकडा तसाच राहिला.

"झाकण लावलेलं असून?" ते म्हणाले.

मी दह्याचा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

"लावलेलं व्हतं, सुमन. मी सोता लावलं. दाबून बघितलं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मंग ते कशापायी बसून व्हते?"

ते माझ्याकडं बघत नव्हते. भिंतीकडंही नाही. भिंतीपलीकडं, घाटाकडं बघत होते. मग स्वतःशीच म्हणाले, "मंग तिचं काय ऱ्हायलं व्हतं?"

मला एकदम समजलं मी काय केलं ते. कावळे पोटासाठी नाही तर शब्दासाठी थांबत असतील, तर बायकोच्या दहाव्याला ते मामांच्याही शब्दासाठी थांबले होते. आणि तो शब्द मामांना सापडला नव्हता. मला घर मिळालं, आणि त्याच कावळ्यांनी मामांची झोप काढून घेतली.

"लावलेलं नव्हतं," मी म्हटलं.

"काय?"

"झाकण. मी आले व्हते सकाळी, मागच्या फाटकानं. माझ्यापाशी चावी हाय ना. जाळी ओढली, पिंपात टाकलं. झाकण उघडंच ऱ्हायलं."

"दहाव्याच्या दिशी? सुतकात?"

"घरात मन लागंना."

मामा माझ्याकडं वळले. "अन् मी आलो तवा तर लावलेलं व्हतं. मंग लावलं कुणी?"

"वारं सुटलं व्हतं. पडलं ते."

"आवाज आला का?"

"आला. पत्र्याचा. लई मोठा. अन् मंग उठले कावळे."

एवढं खोटं मी जन्मात एका दमात बोलले नव्हते. मामा कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले आणि नजर खाली घातली नाही.

मग ते भडकले. "अक्कल हाय का तुला? सुतकात जाळीला हात लावती! झाकण उघडं टाकून जाती! भाऊजीला हकनाक उन्हात बसवलं! गुरुजी काय म्हणले असतील? नालीचं बोला म्हणे!" बोलता बोलता ते हसायला लागले, हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मी तांब्या पुढं केला. ते पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि धपाटं दह्यात बुडवून खायला लागले. सगळं खाल्लं. डब्याच्या कडेचं दहीसुद्धा बोटानं पुसून घेतलं.

"वत्सलाला दही लई आवडायचं," ते म्हणाले. इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून बायकोचं नाव पहिल्यांदा ऐकलं. "उपाशी गेली न्हाई मग ती. मनात काही ठिवून गेली न्हाई."

"न्हाई," मी म्हटलं.

मी रिकामा डबा धुतला, झाडू उचलला आणि हौदाच्या कडेनं झाडायला लागले. भिंतीवर कावळे बसलेले होते. मी त्यांच्याकडं दिवसभर बघितलं नाही.